घरफोडीचा तपास ‘एलसीबी’कडे द्यावा का? जिल्हा पोलीस दलातील विशेष शाखांच्या कामाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे : कुटुंब लग्नासाठी परगावी गेलेले असताना रात्री घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी दागिने आणि रोकड नेली. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला, श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञ येऊन गेले, पाठोपाठ साध्या वेशातील स्थानिक गुन्हे शाखेचे (एलसीबीचे) कर्मचारीही चौकशी करून गेले. पण काही आठवडे उलटले तरी हाती काही लागलेले नाही. अशा वेळी तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे वर्ग करावा म्हणून पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करावा का, आणि या इतक्या शाखा प्रत्यक्षात करतात तरी काय? जिल्हा पोलीस दलात तपासाचे काम करताना मी ठाण्यात आणि स्थानिक गुन्हे शाखेत अशा दोन्ही बाजूंनी हे काम पाहिले आहे, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

अर्जाबद्दल आधी सांगतो. बहुतेक घरफोड्यांमध्ये तो अर्ज करण्याची गरज नसते, कारण स्थानिक गुन्हे शाखा त्या गुन्ह्याचा समांतर तपास आधीपासूनच करीत असते. गुन्हा मात्र पोलीस ठाण्याचाच असतो. गुन्हा रजिस्टर क्रमांक ठाण्याचा, केस डायरी ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याची, मुद्देमाल ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात आणि दोषारोपपत्रावर सहीसुद्धा त्याच तपास अधिकाऱ्याची. जिल्ह्यातील स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एलसीबी’, ही थेट पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली एका पोलीस निरीक्षकाच्या नेतृत्वाने चालते, संपूर्ण जिल्हा तिचे कार्यक्षेत्र असतो, पण तिला सहसा स्वतःचे पोलीस ठाणे नसते. तिने आरोपी पकडला तरी त्याला मूळ गुन्ह्यात पुढील तपासासाठी संबंधित ठाण्याच्या ताब्यात द्यावे लागते. पुणे, नागपूर, ठाणे यांसारख्या आयुक्तालयांत हेच काम गुन्हे शाखेची युनिट्स करतात. महत्त्वाच्या किंवा गुंतागुंतीच्या गुन्ह्यांचा तपास अधीक्षक रीतसर लेखी आदेशाने शाखेकडे वर्ग करतातही, परंतु एका घरफोडीसाठी तसे क्वचितच होते आणि झाल्याने फिर्यादीचा फायदा होतोच असे नाही.

विशेष शाखा कितीही तरबेज असली तरी तिच्या हाती जे साहित्य येते ते पोलीस ठाण्याने पहिल्या काही तासांत जपलेले असते. म्हणून मी कोणत्याही फिर्यादीला पहिला प्रश्न विचारतो तो एलसीबीबद्दल नसतो; घर फुटल्याचे लक्षात आल्यापासून पोलीस येईपर्यंत त्या घरात कोण कोण वावरले, हे मी आधी विचारतो.

ठसेतज्ज्ञाचे काम जवळून पाहिले तर याचे कारण कळेल. चोरट्याचा अनवधानाने राहिलेला ठसा, ज्याला आम्ही चान्स प्रिंट म्हणतो, तो खडबडीत लाकडावर किंवा भिंतीवर शोधून फारसा मिळत नाही. तो मिळतो गुळगुळीत पृष्ठभागावर : स्टीलचे कपाट, काचेचा पेला, प्लॅस्टिकचा डबा, मोबाइलचे खोके. अनुभवी तज्ज्ञ कपाटाच्या दर्शनी दारावर फार वेळ घालवत नाही, कारण तिथे घरच्यांचे आणि नंतर धावत आलेल्या शेजाऱ्यांचे ठसे एकमेकांवर चढलेले असतात. तो लॉकरचा खण पूर्ण बाहेर ओढून त्याची खालची आणि आतली बाजू उजेडात तिरकी धरतो. खण उपसताना चोरट्याने चार बोटे खालून लावलेली असतात आणि घरातील माणसाने त्या जागी एरवी कधी हात लावलेला नसतो. मऊ ब्रशने पावडर फिरवल्यावर रेषा उमटल्या की आधी फोटो, मग पारदर्शक टेपवर ठसा उचलणे आणि मग घरातील प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेणे, असा क्रम असतो. घरच्यांचे ठसे का घेता, आमच्यावर संशय आहे का, असा राग पुष्कळ कुटुंबांना येतो. तो संशय नसतो. घरच्यांचे ठसे वजा केल्याशिवाय उरलेला ठसा परक्याचा आहे हे म्हणता येत नाही.

हा उरलेला ठसा पुढे संगणकावर शोधला जातो. बोटांच्या ठशांचा जगातील पहिला विभाग १८९७ साली कोलकात्यात सुरू झाला, आणि आजही या विद्येचे मूळ तत्त्व तेच आहे. बदलला तो शोधण्याचा वेग. महाराष्ट्र पोलिसांची ‘ॲम्बिस’ ही ठसे जुळवणारी प्रणाली आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘नॅफिस’ यांमुळे एका तालुक्यात उचललेला ठसा दुसऱ्या राज्यात कधीकाळी अटक झालेल्या माणसाच्या दहा बोटांशी ताडून पाहता येतो. संगणक फक्त संभाव्य नावांची यादी देतो. जुळला किंवा नाही हा निर्णय तज्ज्ञ डोळ्यांनी करतो आणि न्यायालयात साक्षही त्यालाच द्यावी लागते. मात्र त्या आरोपीचे ठसे मागील अटकेच्या वेळी घेतलेलेच नसतील, किंवा घाईत पुसट घेतलेले असतील, तर सगळी यंत्रणा हात टेकते. आरोपींची मापे आणि ठसे घेण्याबाबतचा १९२० चा जुना कायदा जाऊन २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला, त्याने पोलिसांचे अधिकार वाढवले आणि ठशांची नोंद ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. पण तो अधिकार वापरणारा शेवटी रात्रपाळीचा ठाणे अंमलदारच असतो.

श्वानपथकाबद्दल लोकांचा फार मोठा गैरसमज आहे. वर्तमानपत्रात ठरलेले वाक्य असते, ‘श्वान मुख्य रस्त्यापर्यंत माग काढून तेथेच घुटमळले’, आणि वाचणाऱ्याला वाटते की पथक रिकाम्या हाताने परत गेले. प्रत्यक्षात त्या घुटमळण्यातून तपास अधिकाऱ्याला एक मोलाची गोष्ट कळते : चोरटे कोणत्या बाजूने बाहेर पडले आणि कुठे वाहनावर बसले. त्या जागेपासून दोन्ही दिशांचे सीसीटीव्ही पाहायचे, टायरच्या खुणा, टाकलेली गुटख्याची पुडी, पाण्याची बाटली शोधायची, तिथल्या टपरीवाल्याला आणि पहाटे दूध घालणाऱ्याला विचारायचे. गावभर कॅमेरे धुंडाळण्याऐवजी एका जागेपासून सुरुवात करता येते. वास देण्यासाठी चोरट्याने हाताळलेली वस्तू लागते आणि त्या वस्तूला नंतर दहा जणांनी हात लावला असेल तर श्वानाला दोष देण्यात अर्थ नाही. गुन्ह्याचा माग काढणारे, स्फोटके हुंगणारे आणि अमली पदार्थ शोधणारे श्वान वेगवेगळे तयार केलेले असतात, हेही लक्षात घ्यावे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर नाव झालेला ‘झंजीर’ हा लॅब्राडोर स्फोटकांचा श्वान होता. त्याच्याकडून घरफोडीचा माग कोणी काढून घेतला नसता.

श्वान एखाद्या माणसापाशी जाऊन भुंकला म्हणून तो चोर ठरत नाही, हे मात्र ठामपणे सांगायला हवे. महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली असे मत दिले की, श्वानाने काढलेला माग पुराव्यात घेता येतो असे धरले तरी त्याला सहसा फारसे वजन देता येणार नाही. नंतरच्या निकालांतही हीच सावध भूमिका दिसते. श्वानाची उलटतपासणी होऊ शकत नाही. तेव्हा श्वानाने दाखवलेली दिशा तपासासाठी वापरावी आणि दोष सिद्ध करण्यासाठी दुसरा पुरावा उभा करावा. गावात एखाद्याच्या दारात श्वान थांबला म्हणून त्या कुटुंबाला वाळीत टाकल्यासारखे वागवणे हा सरळ अन्याय आहे.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर घटनास्थळाचे महत्त्व कागदावरही वाढले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचे चित्रीकरण करायचे आहे. राज्यांना ही तरतूद पाच वर्षांच्या आत अधिसूचनेने लागू करण्याची मुभा आहे. चोरीच्या उद्देशाने रात्री केलेल्या घरफोडीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१(४) खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे तुमचा गुन्हा याच वर्गात मोडतो. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे. पंच फितूर होण्याने आमच्याकडे किती खटले कोसळले आहेत हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका कलमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता स्थानिक गुन्हे शाखा नेमके काय करते ते पाहू. ठाण्याचा अधिकारी आपल्या हद्दीतील एक गुन्हा पाहतो. शाखा जिल्ह्यातील सगळे गुन्हे एकत्र ठेवून पाहते. मागच्या खिडकीचे गज वाकवून आत येणे, शेजारच्या घरांना बाहेरून कड्या लावणे, देवघरातील चांदी सोडून फक्त सोने नेणे, जाताना डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारे यंत्र, उपसून नेणे, या प्रत्येक सवयीची नोंद शाखेतील मोडस ऑपरेंडी ब्यूरोकडे, म्हणजे ‘एमओबी’कडे असायला हवी. गुन्हेगार गाव बदलतो, साथीदार बदलतो, पण हात बसलेली पद्धत सहजी बदलत नाही. शाखेतील जुना हवालदार पंचनामा वाचून ‘हे अमुक टोळीचे काम’ असे म्हणतो तेव्हा त्यामागे कसलाही चमत्कार नसतो. त्या टोळीतील कोण कारागृहात आहे, कोण नुकताच जामिनावर सुटला आणि त्याची सासुरवाडी कुठे आहे, हे त्याला पाठ असते. खबऱ्यांचे जाळेही असेच माणसागणिक जमलेले असते. ते शाखेचे म्हणून कधीच नसते, त्या कर्मचाऱ्याचे असते, आणि तो बदलून गेला की त्याच्याबरोबर जाते.

तांत्रिक विश्लेषण हा शाखेचा दुसरा हात. मोबाइलचे कॉल तपशील पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच मागवले जातात, त्यामुळे जिल्ह्यात हे काम स्वाभाविकपणे अधीक्षक कार्यालयाशी जोडलेल्या शाखेत एकवटते. घटनेच्या वेळी परिसरातील टॉवरवर नोंदलेले सगळे क्रमांक, ज्याला आम्ही डम्प म्हणतो, घेऊन ते दुसऱ्या घरफोडीच्या डम्पशी ताडले की दोन्हीकडे समान असलेले मोजके क्रमांक उरतात. सराईत चोरटे मोबाइल बंद ठेवतात हे खरे आहे. पण गुन्ह्याच्या काळात नेमका बंद झालेला आणि पुढच्या गावात चालू झालेला क्रमांकही बोलका असतो. एक गोष्ट मी तपास अधिकाऱ्यांना नेहमी सांगत आलो : कॉलचे तपशील टिकतात, सीसीटीव्ही टिकत नाही. दूरसंचार कंपन्यांना २०२१ च्या अखेरीस झालेल्या बदलानुसार कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. दुकानदाराच्या डीव्हीआरवर मात्र साठवण संपली की जुन्यावर नवे चित्रण चढते, आणि ते काही दिवसांतही होऊ शकते. म्हणून पहिल्या चोवीस तासांत फुटेज ताब्यात घ्यावे, आणि तेही मोबाइलवर पडद्याचे चित्रण करून नव्हे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, यांसह घेतले नाही, तर आरोपी सापडूनही ते चित्रण न्यायालयात उभे राहत नाही.

आरोपी सापडल्यानंतरच्या दोन गोष्टींत विशेष शाखा सर्वांत जास्त घसरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली गोष्ट वेळेची. शाखेचे पथक परजिल्ह्यात जाऊन संशयिताला ‘ताब्यात घेते’, त्याला घेऊन मुख्यालयात येते, चौकशी होते, आणि ‘अटक’ मात्र ठाण्यात दिल्यावर दाखवली जाते. दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे चोवीस तास हे कागदावरील अटकेपासून मोजावेत अशी कोणाची समजूत असेल तर ती घातक आहे. त्या माणसाची मोकळीक प्रत्यक्षात कधी हिरावली गेली हे न्यायालय पाहते, आणि आता टोल नाक्याचे फुटेज व पथकाच्याच मोबाइलचे लोकेशन बचाव पक्षाला सहज मागता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातील निकालाने अटकेच्या पंचनाम्यापासून नातेवाइकांना कळवण्यापर्यंतचे जे नियम घालून दिले, ते साध्या वेशातील पथकाला गणवेशातील पोलिसापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात, कारण साध्या वेशातील माणसांनी उचलून नेणे आणि अपहरण यांत घरच्यांना फरक करता येत नाही.

दुसरी गोष्ट छायाचित्राची. कामगिरीच्या बातमीसाठी आरोपींना अधिकाऱ्यांसमोर उभे करून फोटो काढला जातो आणि तासाभरात तो सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. ज्या गुन्ह्यात कोणी चोरट्याला पाहिले आहे, तिथे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर ओळख परेड घ्यायची असते. साक्षीदाराने फोटो आधीच पाहिलेला असेल तर त्या परेडचे मोल शून्य होते, आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. बुरखा घालून फोटो काढला तरी देहयष्टी, कपडे आणि नाव उघड होतेच. कामगिरी जाहीर करण्याची हौस दोन आठवडे आवरली, तर एखादा खटला वाचतो.

दागिन्यांच्या हस्तगतीचेही असेच आहे. आरोपी ‘सोने अमक्या ठिकाणी ठेवले आहे, दाखवतो’ असे पंचांसमक्ष सांगतो, त्याचा निवेदन पंचनामा होतो, आणि त्याने दाखवलेल्या जागेतून वस्तू निघते. पोलीस कोठडीतील माणसाच्या कथनाचा एवढाच भाग, म्हणजे ज्यातून वस्तू सापडली तेवढाच, कायद्याने पुराव्यात येतो. आधी वस्तू काढून मग निवेदन लिहिले की सारे मुसळ केरात. शिवाय सोने बहुतेक वेळा दागिन्याच्या रूपात मिळतच नाही. ते सराफाकडे वितळून त्याची लगड झालेली असते, आणि लगडीवर कोणत्याही गृहिणीला ‘हे माझे गंठण’ असे म्हणता येत नाही. तिथे फिर्यादीतील वर्णन कामी येते. ‘अंदाजे दहा तोळ्यांचे दागिने’ असे लिहिलेल्या फिर्यादीतून तपास अधिकाऱ्याला फारसे काही मिळत नाही. प्रत्येक दागिन्याचे नाव, वजन, घडणावळ, सराफाची पावती, हॉलमार्क आणि लग्नाच्या अल्बममधील छायाचित्र असेल तर वजनाचा मेळ बसवता येतो आणि चोरीचा माल घेणाऱ्या सराफावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली कारवाई टिकते.

जिल्ह्यात इतरही शाखा असतात. जिल्हा विशेष शाखा पारपत्र पडताळणी, परकीय नागरिकांच्या नोंदी आणि बंदोबस्तासाठी लागणारी गोपनीय माहिती यांचे काम करते. गुन्ह्याच्या तपासाशी तिचा थेट संबंध नाही. बॉम्बशोधक व नाशक पथकाचे काम बरेचसे न दिसणारे आहे, सभा आणि यात्रेआधी जागा तपासून निर्धोक ठरवण्याचे. आर्थिक गुन्हे शाखेकडे ठरावीक रकमेवरील फसवणूक आणि पतसंस्था किंवा साखळी योजनांत बुडालेल्या ठेवींचे गुन्हे जातात. तिथे १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायद्याखाली आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देण्याची सोय आहे, पण ती प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते.

सायबर पोलीस ठाण्याचा नियम घरफोडीपेक्षा अगदी वेगळा आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. ऑनलाइन फसवणुकीत चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चार खात्यांत आणि तिथून एटीएममधून बाहेर असा काही तासांत पसार होतो. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार होताच संबंधित बँकांना एकाच वेळी सूचना जाते आणि जितकी रक्कम त्या क्षणी खात्यात शिल्लक असेल तितकी थांबवली जाते. म्हणून आधी फोन, मग पोलीस ठाणे, हाच क्रम ठेवावा. अर्ज टंकलिखित करून घेण्यात घालवलेली सकाळ परवडत नाही. थांबवलेली रक्कम परत मिळण्यासाठी पुढे रीतसर आदेश लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारीच करू शकतो, त्यामुळे छोट्या ठाण्यात अडचण येते. पण तक्रार घेण्यास नकार देण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

मुले आणि स्त्रिया यांच्यासाठीच्या कक्षांकडे दुय्यम म्हणून पाहण्याची वृत्ती दलात आजही आढळते आणि ती मला फार खुपते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी आणि जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असणे बंधनकारक आहे. हरवलेले मूल चार महिन्यांत सापडले नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे गेला पाहिजे, असे नियम सांगतात. पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याखालील पीडित मुलाचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. या कामाला खबऱ्यांचे जाळे लागत नाही. धीर, भाषा आणि वेळ लागतो, आणि ती कौशल्ये आरोपीचा पाठलाग करण्याइतकीच दुर्मीळ आहेत.

भाषेवरून गडचिरोलीचे उदाहरण द्यावेसे वाटते. नक्षलवादाचा सामना करण्यासाठी तिथे १९९० मध्ये ‘सी-६०’ पथक उभे राहिले. त्याची खरी ताकद शस्त्रांत जितकी आहे तितकीच, किंबहुना अधिक, त्यात भरती झालेल्या स्थानिक तरुणांत आहे. जंगलाच्या वाटा त्यांच्या पायाखालच्या, गोंडी आणि माडिया त्यांच्या घरच्या भाषा, आणि गावात गेल्यावर कोणत्या घरी आधी बसायचे हे त्यांना सांगावे लागत नाही. बाहेरून आणलेल्या उत्तम प्रशिक्षित दलाला जे सहजी जमत नाही ते त्यांना जमले, याचे कारण हेच.

याच कारणासाठी शाखांच्या मनुष्यबळाविषयी मला काळजी वाटते. जिल्ह्यात चांगला माग काढणारा, माणसे ओळखणारा कर्मचारी दिसला की त्याला एलसीबीत ओढले जाते. ठाण्याची गुन्हे प्रकटीकरण शाखा, म्हणजे डीबी पथक, त्यामुळे ओस पडते. तिथे उरलेले दोघे-तिघे बंदोबस्त, समन्स आणि कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांची ने-आण, यांतच अडकतात. मग पहिल्या तासात घटनास्थळी जाणारा अधिकारी नवखा असतो आणि सर्वांत अनुभवी माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचतो. माझ्या मते शाखेतील प्रत्येकाला काही वर्षांनी ठाण्याच्या डीबीत परत पाठवावे, आणि शाखेची कामगिरी उघडकीस आणलेल्या गुन्ह्यांवर न मोजता त्यांतील किती खटल्यांत शिक्षा लागली यावर मोजावी. तसे झाले तर पंचनाम्याकडे आपोआप लक्ष जाईल.

तुमच्या प्रकरणात आता काय करावे, तेवढे सांगतो. तपास वर्ग करण्याच्या अर्जाऐवजी ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब नोंदवा आणि त्यात प्रत्येक दागिन्याचे वर्णन, पावत्या व छायाचित्रे जोडा. घरच्या सर्वांचे ठसे घेतले गेले का आणि उचललेला चान्स प्रिंट शोधासाठी पाठवला का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. श्वान जिथे थांबला त्या जागेजवळची दुकाने, पेट्रोल पंप, दूध संस्था यांच्याकडील फुटेज घेतले का, हे विचारा. घेतले नसेल तर आजच लेखी विनंती द्या. घटनेच्या आधी पंधरा दिवसांत घरी काम करून गेलेले, भंगार किंवा गालिचे विकायला आलेले, पत्ता विचारून गेलेले कोणी आठवत असेल तर त्यावरून कोणावर आरोप न करता तेवढी माहिती द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) नुसार तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती मुदत डायरीत लिहून ठेवा. त्यानंतरही काही कळले नाही तर अधीक्षकांना भेटा आणि वर विचारलेल्या गोष्टींपैकी काय झाले व काय राहिले हे मुद्देसूद लिहून द्या. ‘तपास एलसीबीकडे द्या’ या एका ओळीच्या अर्जापेक्षा असा अर्ज अधीक्षकांच्या साप्ताहिक आढाव्यात कितीतरी जास्त बोलतो.

आणि मुद्देमाल सापडला तर तो खटला संपेपर्यंत कपाटात पडून राहील या भीतीने दलालांच्या मागे लागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच असा माल छायाचित्रे, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन लवकर परत द्यावा असे सांगितले आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने न्यायालयापुढे आलेल्या मालाची यादी चौदा दिवसांत व त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश अशी मुदतच घालून दिली आहे. दागिने तुमचेच आहेत हे दाखवणाऱ्या पावत्या जोडून तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. त्यावर तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवले जाते आणि दागिने बंधपत्रावर तुमच्या ताब्यात मिळतात. खटला चालू असेपर्यंत ते मोडू किंवा विकू नयेत, कारण न्यायालयाने मागितले तर हजर करावे लागतात.